नौकेतील तार आणि तांब्याची कल्हई

वीज एखाद्या घरात आली आणि दोन पिढ्या नांदली, की ती घरचीच होऊन जाते. बटण दाबावे, दिवा लागावा. भिंतीच्या पोटात कोणत्या जातीची तार आहे, हे कोणी विचारीत नाही. विचारण्याचे कारणही सहसा पडत नाही. भिंत जागची हलत नाही, ती बहुधा कोरडी असते, आणि तारेकडून तिची अपेक्षाही बेताचीच असते. अशा आश्रयाला राहिलेली तार आपले पुष्कळसे अपराध पोटात घालते. परंतु तीच वीज घर सोडून पाण्यावर जाते तेव्हा हा आश्रय सुटतो. नौकेत भिंत सतत थरथरत असते, वारा खारट असतो, तळाशी पाणी साचलेले असते, शेजारी डिझेलची टाकी असते; आणि संकट आले तर धावून येणारा शेजारी मैलोगणती दूर असतो. म्हणून घरासाठी उत्तम ठरलेली तार नौकेसाठी उत्तम ठरेलच असे नाही. एवढी एकच गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

वाचकहो, हा विषय यशवंतपूरच्या एका रहिवाशाने काढावा याचे आपणांस नवल वाटेल. बेंगळुरूचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेला आहे. येथे भरती-ओहोटी नाही. पहाटे ऐकू येते ती आगगाडीची शिट्टी, आणि दिवसभर वर्दळ असते ती बाजारात माल उतरविणाऱ्या ट्रकांची. तथापि विजेची गोष्ट काढावयाची तर याहून योग्य स्थळे आपल्या देशात थोडीच असतील. कावेरीच्या शिवनसमुद्र येथील धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली आणि १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले. यशवंतपूरच्या शेजारीच भारतीय विज्ञान संस्था आहे. किर्लोस्कर हे नाव मराठी माणसाला प्रथम आठवते ते नांगर आणि किर्लोस्करवाडी यांमुळे. पण याच शहरात १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. आणि यशवंतपुराहून मेखरी सर्कलकडे जाणाऱ्या सर सी. व्ही. रामन रस्त्यावर केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या संस्थेत रोहित्रांपासून केबलींपर्यंत विजेच्या साहित्याची परीक्षा घेतली जाते. तार जाळून पाहणे, किती धूर येतो ते मोजणे, हेही तेथे एक शास्त्र आहे. रोज कामावर जाताना मी तिच्या फाटकावरून जातो.

माझा स्वतःचा धंदा मात्र शब्दांचा. मी बी. ए. झालेला मनुष्य, दिवसभर भाषांतर करावे आणि दुसऱ्यांचे लेख संपादावे, एवढेच माझे कसब. विजेचे शास्त्र मी शिकलो नाही. ते शिकण्याची वेळ माझ्यावर आणली ती माझ्या आजोळने.

माझे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, आणि घरोघर नौकेची चिंता. माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, स्वतःच्या नौकेवर तांडेल आहेत. नौका लाकडी, डिझेल इंजिनाची. तिच्यावर सात माणसे. गेल्या हंगामाच्या अखेरीस एका रात्री नौका समुद्रात असताना इंजिनच्या मागच्या बाजूने जळका वास येऊ लागला. दादांचा धाकटा मुलगा बॅटरीच्या पेटीलगत झोपला होता. वासाने तोच प्रथम जागा झाला आणि त्याने आरडाओरड करून इतरांना उठविले. बॅटरीची जोडणी ओढून तोडण्यात आली म्हणून आग लागली नाही. सकाळी पाहिले तर तळातील पंपाकडे जाणाऱ्या तारेचा सांधा काळा पडून वितळला होता. सांधा कसला, दोन टोकांना पीळ देऊन वर गुंडाळलेली चिकटपट्टी! आणि जो फ्यूज वितळून प्रवाह तोडील म्हणून बसविलेला, त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा एक तुकडा होता. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी हा उपाय केला होता. कोणी केला, याचा शोध लागला नाही. आणि लागून उपयोगही नव्हता.

मासेमारी बंदीचे पावसाळी दिवस आले, नौका किनाऱ्यावर ओढली गेली, आणि मावशीचा मला फोन आला. "तू विजेच्या गावात राहतोस. दादाच्या होडीसाठी चांगली वायर बघून पाठव. पोर त्या पेटीजवळच झोपतं."

"चांगली वायर" हे दोन शब्द घेऊन मी दुकाने आणि कारखाने हिंडलो. यशवंतपुराच्या पलीकडे पीण्याची औद्योगिक वसाहत आहे, शहराच्या जुन्या पेठेत विजेच्या सामानाची गल्ली आहे. प्रत्येक दुकानदाराने चांगली वायर दाखविली आणि प्रत्येकाची निराळी निघाली. भाषांतर करणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. नुसत्या शब्दाला अर्थ नसतो. तो कोठे वापरला यावर अर्थ ठरतो. तारेचेही तसेच आहे, हे मला एका वृद्ध दुकानदाराच्या प्रश्नाने उमगले. त्यांनी मला किंमत सांगितली नाही, जाडी विचारली नाही. त्यांनी विचारले, "तार राहणार कोठे?"

हा प्रश्न आपण क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट खाऱ्या हवेची. विजेच्या तारेतील तांबे हे आपल्या स्वयंपाकघरातील तांब्याहून निराळे नाही. मिठाच्या दमट हवेत ते काळे-हिरवे पडते. नौकेच्या तारेत केसासारखे अनेक बारीक धागे एकत्र वळलेले असतात. टोकाशी आत शिरलेला ओलावा, वात तेल वर ओढून घेते त्याप्रमाणे, धाग्यांच्या फटींतून आवरणाखाली आत आत चढत जातो. वरून तार नवी दिसते. आत ती कुजलेली असते. यावर उपाय म्हणून नौकेच्या तारेतील प्रत्येक धाग्यावर कथलाचा पातळ थर चढविलेला असतो. दुकानदार तिला टिन्ड कॉपर म्हणतात. मी कागदावर याचे भाषांतर करू लागलो आणि थांबलो. कारण हा शब्द मराठीत शेकडो वर्षे घरोघर आहे. ही तर कल्हई! तांब्याच्या पातेल्यात आंबट पदार्थ कळकू नये म्हणून आपल्या आज्या नवसागर आणि कथील घेऊन बसणाऱ्या कल्हईवाल्याची वाट पाहत, तीच ही विद्या. घरातल्या तारेला बहुधा कल्हई नसते, कारण तिला तिची गरज नसते. नौकेतल्या तारेला ती हवी.

दुसरी गोष्ट कंपाची. इंजिन चालू असेतोवर नौकेचा कण न् कण थरथरतो. एकाच जाड धाग्याची तार अशा जागी वाकून वाकून तुटते. सळई पुन्हापुन्हा वाकविली की तुटते तशीच. म्हणून पुष्कळ बारीक धाग्यांची लवचीक तार घ्यावी. तीही लोंबती ठेवू नये. सुमारे अर्ध्या अर्ध्या मीटरवर पकडीत बांधावी आणि लाकडाच्या कडेवर घासणार नाही असे पाहावे.

तिसरी गोष्ट जाडीची. आणि येथे थोडे गणित आहे. ते कंटाळवाणे वाटले तरी वाचकांनी सोडू नये, कारण सर्वांत अधिक गफलत येथेच होते. दादांच्या नौकेवर १२ व्होल्टची बॅटरी आहे. "बारा व्होल्टने माणूस मरत नाही, मग तार जाड कशाला?" असे किनाऱ्यावर सर्रास म्हटले जाते. १२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, हे खरे. पण समजा, पंप १२० वॉटचा आहे. घरच्या २३० व्होल्टवर त्याला अर्धा अँपियर प्रवाह पुरेल. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामासाठी १० अँपियर लागेल, म्हणजे सुमारे वीसपट. आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एकाच तारेतून घरी जेवढी उष्णता वाया गेली असती, तिच्या साडेतीनशेपटींहून अधिक उष्णता नौकेत निघते. व्होल्ट कमी, म्हणून तार बारीक, हा हिशेब नेमका उलटा आहे.

आता अंतर पाहा. बॅटरीपासून पंप ६ मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून तार १२ मीटर झाली. १ चौरस मिलिमीटर जाडीची तार वापरली तर वाटेतच सुमारे २.१ व्होल्ट खर्ची पडतात. पंपाला १२ ऐवजी जेमतेम १० व्होल्ट मिळतात आणि तो मंद चालतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत हा तोटा ०.८४ व्होल्ट होतो; ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.३५. पंप आणि नौकेचे मार्गदीप यांसारख्या प्राणरक्षक साधनांच्या बाबतीत हा तोटा शेकडा ३ च्या आत असावा, असा जाणकारांचा दंडक आहे. १२ व्होल्टचे शेकडा ३ म्हणजे ०.३६. दादांच्या पंपाला त्या हिशेबाने ६ चौरस मिलिमीटरची तार हवी. आणि जळाली ती होती १ ची. फ्यूज का उडत असे, पंप का रडतखडत चालत असे, आणि सांधा का वितळला, या तिन्ही प्रश्नांना पुष्कळसे उत्तर येथे मिळते. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.२ ओहम एवढा अल्प धरला, तरी १० अँपियर प्रवाहाने त्या एवढ्याशा जागी २० वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंग आयर्न साधारण एवढेच तापते. नौकेच्या पोटात, डिझेलच्या वाफेत, असे तापलेले टोक कोणी जाणूनबुजून ठेवील काय?

चौथी गोष्ट फ्यूजची. फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठी आहे असा आपला समज असतो. वास्तविक तो प्रथम तारेचा रक्षक आहे. तारेला सोसेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला, तर तार तापण्यापूर्वी आपण जळून जावे, हा त्याचा धर्म. म्हणून त्याचा आकडा तारेच्या शक्तीवरून ठरतो, आणि त्याची जागा बॅटरीच्या अगदी जवळ असते. अमेरिकेत लहान नौकांसाठी पाळला जाणारा साधारण नियम ७ इंचांचा, म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटरचा आहे. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तारेला राखणारे कोणी नसते. मोठ्या बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना आडवा पडला किंवा कारागिराच्या बोटातील अंगठी टेकली, तर धातू क्षणात लाल होतो. जी बॅटरी झटका देत नाही, ती आग मात्र लावू शकते. फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालणे म्हणजे राखणदाराला हाकलून दाराला कडी न घालता झोपणे होय.

पाचवी गोष्ट परतीच्या वाटेची. मोटारीत आणि ट्रकात विजेची परतीची वाट म्हणून गाडीचा सांगाडाच वापरतात. एक तार वाचते. किनाऱ्यावर नौकांचे काम पुष्कळदा वाहनांची वायरिंग करणारे कारागीर करतात, आणि तीच सवय ते नौकेवर आणतात. नौकेत असे कधीही करू नये. जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा स्वतंत्र असाव्यात. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या धातूतून भरकटता प्रवाह वाहू लागला, की तो त्या धातूलाच खाऊ लागतो. पंखा, त्याचा दांडा, लोखंडी नौकेचा तर तळही झिजतो.

राहिले आवरण. साधे पीव्हीसी जळू लागले की दाट, घुसमटविणारा आणि आम्लयुक्त धूर येतो. मोकळ्या घरातून माणूस बाहेर धावतो. नौकेच्या खोपटातून धावून जाईल कोठे? म्हणून ९० अंश सेल्सियस किंवा अधिक उष्णता सोसणारे, तेलाने न फुगणारे, आगीत कमी धूर देणारे आवरण निवडावे. बाजारात एक्सएलपीई नावाचे आवरण मिळते, ते ९० अंशांपर्यंत टिकते. घरगुती तारेवरील आयएसआय चिन्ह खरेच असते, पण चिन्ह ज्या कामासाठी मिळाले त्याच कामाची ते ग्वाही देते. समुद्राची परीक्षा निराळी. आपल्याकडे जहाजांच्या साहित्याची पारख करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था १९७५ सालापासून आहे. तिने मान्य केलेली केबल मिळाली तर उत्तमच. नुसते "मरीन" एवढेच लेबल मात्र फसवे असू शकते. ज्या लेबलावर मानकाचा क्रमांक, तारेचे क्षेत्रफळ, व्होल्ट आणि उष्णतेची मर्यादा छापलेली नाही, ते लेबल म्हणजे केवळ विशेषण. आणि विशेषणांवर विश्वास ठेवू नये, हे माझ्या धंद्याने मला पूर्वीच शिकविले आहे.

खरेदी करताना एक साधी परीक्षा प्रत्येकाने करावी. तारेचा एक धागा चाकूने हलकेच खरवडावा. वरून पांढरी आणि आतून तांबडी ती आपली कल्हईची तार. वरून तांबडी आणि आतून पांढरी, ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. ती नौकेत कदापि घेऊ नये. जी आतबाहेर पांढरी, ती सरळ ॲल्युमिनियमची. हाताला वजनही कळते. तेवढ्याच आकारमानाचे तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक जड असते.

हे सर्व मी दादांना फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तीस वर्षं साधीच वायर चालली." हे बोलणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण होते. मी त्यांना विचारले की तीस वर्षांपूर्वी नौकेवर वीज कशाकशाला लागत असे? ते मोजू लागले. इंजिन सुरू करण्यास, आणि एकदोन दिव्यांस. आणि आज? मार्गदीप, कामाचे दिवे, वायरलेस, जीपीएस, मासळीचा थांग दाखविणारे यंत्र, पंप, आणि सातही जणांचे मोबाइल. नौका तीच, तारा त्याच. भार मात्र कितीतरी पटींनी चढला. दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाळं दिसतं, इंजिन दिसतं. वायर दिसत नाही. पैसा दिसणाऱ्या वस्तूवर जातो."

त्यांच्या या वाक्यात किनाऱ्यावरच्या साऱ्या संसाराचे अर्थशास्त्र आहे. कल्हईची तार साध्या तारेहून पुष्कळ महाग पडते. दुरुस्तीचे दिवस हे कमाईचे दिवस नसतात. इंजिनचे काम, लाकडाचे काम, रंग, जाळी, यांतच हातातली पुंजी संपते. त्यांना "जिवापुढे पैसा काय" असे ऐकविणे सोपे होते. पण ते ऐकविणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो.

तोडगा निघाला तो मावशीमुळे. व्होल्ट आणि अँपियर यांत तिला रस नव्हता. पण कल्हईचा शब्द ऐकताच तिने दादांना विचारले म्हणे, "कल्हई गेलेल्या पातेल्यात तू ताक पिशील का? मग पोराला तिथे झोपवतोस कसा?" त्यावर दादांनी एक गोष्ट केली. जुन्या तारेचा एक तुकडा कापला आणि चाकूने आवरण उभे चिरले. टोकापासून वीतभर आतपर्यंत तांबे कोळशासारखे काळे होते. त्याचे छायाचित्र त्यांनी मला पाठविले, त्यासोबत एकही शब्द नव्हता.

सर्वच तारा बदलण्याइतका पैसा नव्हता. म्हणून आम्ही क्रम लावला, आणि हा क्रम वाचकांच्याही उपयोगी पडेल. प्रथम बॅटरीपासून मुख्य स्विचपर्यंतची जाड तार आणि तिच्या तोंडाशी योग्य फ्यूज. मग पंप. मग मार्गदीप आणि वायरलेस. ही कामे यंदा. खोपटातील दिवा आणि इतर किरकोळ जोडण्या पुढच्या वर्षी. तोवर प्रत्येकीला तिच्या तारेच्या मानाने लहान फ्यूज. आणि एक गोष्ट बिनपैशाची: बॅटरीच्या पेटीजवळ कोणी झोपावयाचे नाही. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी तो ठिणगीने पेट घेतो. हा वायू हलका असल्यामुळे वर चढतो, म्हणून पेटीला वरच्या बाजूस वारा खेळेल अशी वाट हवी. दादांनी पेटीच्या झाकणाला भोके पाडली आणि मुलाची पथारी नाळेकडे हलविली.

सांधे करण्यासाठी आलेल्या वायरमनला दादांनी एकच अट घातली: पीळ आणि चिकटपट्टी चालणार नाही. प्रत्येक टोकाला कल्हईचा लग योग्य पकडीने दाबून बसवावा, त्यावर उष्णतेने आकसणारी, आतून डिंक असलेली नळी चढवावी, आणि शक्यतो वाटेत सांधाच नसावा. पंपाचा सांधा टाळता येत नाही. तो तळाच्या पाण्याच्या पातळीहून उंच घ्यावा. पेटीत शिरणारी तार खालून वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली गळेल. ज्या नौकांवर जनित्र किंवा इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट आहेत, तेथे गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हवाच. तेथे प्रश्न आगीबरोबर झटक्याचाही असतो.

कोणी म्हणेल, एका रात्रीच्या वासावरून एवढा विस्तार कशासाठी? तर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात एका मासेमारी नौकेला आग लागली. नौकेचा बहुतेक भाग जळाला. सुदैवाने तिच्यावरील १८ खलाशी वाचले. त्या वेळी शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे कन्सेप्शन नावाची नौका पेटली, तेव्हा खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांपैकी एकही वाचला नाही. नौका इतकी जळून गेली होती की आगीचे मूळ तपासणाऱ्यांना निश्चित सांगता आले नाही. परंतु रात्री फिरता पहारा नव्हता, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले. तार कितीही चांगली असली तरी जागा राहणारा एक मनुष्य लागतोच. हर्णैच्या नौकेवर ते काम त्या रात्री एका मुलाच्या नाकाने केले. दरवेळी तसे होईल असे धरून चालता येणार नाही.

नौकेवरची वीज आता कमी होणार नाही, वाढणारच आहे. १८८० साली अमेरिकेत कोलंबिया नावाच्या आगबोटीवर एडिसनचे दिवे प्रथम लागले, तेव्हा ते एक नवल होते. २०१७ साली केरळात वैकमच्या खाडीत सूर्याच्या विजेवर चालणारी प्रवासी नौका सुरू झाली; २०२३ साली कोचीत बॅटरीवर चालणाऱ्या जलमेट्रोच्या नौका धावू लागल्या. उद्या आपल्या कोकणच्या खाड्यांतही त्या येतील. तेव्हा तारेची निवड हा केवळ तांडेलाचा प्रश्न राहणार नाही. तिकीट काढून नौकेत बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा होईल.

म्हणून वाचकहो, आपणांपैकी ज्यांची नौका आहे, ज्यांच्या नात्यात ती आहे, किंवा धरणाच्या जलाशयावर ज्यांची लहानशी होडी चालते, त्यांना एवढेच सांगणे आहे. नारळी पौर्णिमेला नौकेची पूजा होते, तिला हार घातला जातो, समुद्राला नारळ वाहिला जातो. त्यापूर्वी एका दिवशी दुपारच्या उजेडात बॅटरीची पेटी उघडावी. फ्यूजच्या जागी फ्यूजच आहे ना, ते पाहावे. पंपाच्या तारेचे टोक कापून आतले तांबे तांबडे किंवा चकचकीत पांढरे आहे, की काळे, ते पाहावे. पंप चालू करून पाचदहा मिनिटांनी प्रत्येक सांध्याजवळ हाताची पाठ न्यावी. सांधा ऊन लागला तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे, आणि तो येईपर्यंत त्या पंपाची जोडणी सोडून ठेवावी. या पाहणीला पाऊण तास लागतो आणि खर्च काहीच नाही. खर्च त्यानंतर येतो. तो एकदम झेपत नसेल तर क्रम लावावा, पण पहिल्या क्रमांकाचे काम पुढच्या हंगामावर टाकू नये.